लायगो हिंगोलीतच का? यंत्र येण्याआधीच्या वर्षांचा इतिहास

औंढा नागनाथ म्हटलं की आपल्याला आधी ज्योतिर्लिंग आठवतं. मग विसोबा खेचर आणि नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा. गेल्या काही वर्षांत या नावाला तिसरी ओळख मिळाली आहे, ती म्हणजे लायगो इंडिया. बातम्यांत कधी याला ‘महादुर्बीण’ म्हणतात, व्हॉट्सअॅपवर कधी ‘नासाचा प्रकल्प’. ही दुर्बीणही नाही आणि नासाचा प्रकल्पही नाही. पण एमएस्सी करणारे, नेट-जेस्टची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे: हे हिंगोलीतच का?

याचं नेहमीचं उत्तर जमिनीबद्दल असतं. सपाट जागा, कमी कंपनं, समुद्र लांब. ते खरं आहे, पण अर्धं आहे. अशी जमीन जगात अजूनही सापडली असती. मग हे यंत्र भारताला मिळालंच का? या दुसऱ्या अर्ध्या उत्तरासाठी इतिहासात जावं लागतं. आणि संशोधनात यायचं ठरवणाऱ्याला त्या इतिहासातून शिकण्यासारखं बरंच आहे. म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडं यंत्राबद्दल

दुर्बीण प्रकाश गोळा करते. मग तो डोळ्यांना दिसणारा असो, क्ष-किरण असो की रेडिओ लहरी. लायगो यातलं काहीच गोळा करत नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एकत्र आली की अवकाश-काळात लहरी उठतात. त्या गुरुत्वीय लहरी. त्या पृथ्वीवरून जाताना एका दिशेतलं अंतर किंचित वाढतं आणि त्याला काटकोनात असलेलं अंतर किंचित कमी होतं. लायगो हा फरक मोजतं.

इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आत निर्वात पोकळी. टोकांना ४० किलोचे आरसे, केसासारख्या बारीक काचतंतूंवर टांगलेले. एकच लेसर किरण दोन भागांत विभागून दोन्ही नळ्यांत पाठवायचा आणि परत आल्यावर जुळवून बघायचा. बीएस्सीला मायकेलसनचा इंटरफेरोमीटर तुम्ही केलेला असतो. तत्त्व तेच.

फरक आहे तो मापाचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा जी लहर सापडली, तिने ४ किलोमीटरच्या नळ्यांत जास्तीत जास्त जो फरक पाडला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाइतका होता. एवढ्या बारीक मापात संकेत कमी आणि गोंगाटच जास्त असणार, हे उघड आहे. म्हणूनच या विषयाचा अर्धा इतिहास हा गोंगाटातून संकेत ओळखण्याचा इतिहास आहे. भारताचा प्रवेश तिथूनच झाला.

मेरीलँड: एक दावा आणि एक प्रबंध

१९६९ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या जोसेफ वेबर यांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. त्यांचं यंत्र म्हणजे अॅल्युमिनियमचा मोठा दंडगोल. लहर आली की तो घंटेसारखा थरथरेल, अशी कल्पना. जवळपास हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन दंडगोलांत एकाच वेळी थरथर नोंदली गेली, असा त्यांचा दावा होता. मग इतर देशांतल्या गटांनी तशीच यंत्रं बांधली. कोणालाच काही सापडलं नाही. दावा टिकला नाही. पण दोन गोष्टी मागे राहिल्या. एक म्हणजे लहरी मोजायचा प्रयत्न करता येतो हे धाडस. दुसरी म्हणजे एकट्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, लांब लांब ठेवलेल्या यंत्रांत एकाच वेळी दिसलं तरच मानायचं, ही शिस्त.

त्याच विद्यापीठात, त्याच काळात, बंगळूरहून आलेला एक विद्यार्थी चार्ल्स मिसनर यांच्याकडे पीएचडी करत होता. सी. व्ही. विश्वेश्वरा. तेव्हा कृष्णविवरं खरोखर असतात की फक्त समीकरणांतच, हेही ठरलेलं नव्हतं. विश्वेश्वरांनी विचारलेला प्रश्न साधा होता: कृष्णविवराला धक्का दिला तर काय होईल? त्यांनी गणिताने त्याच्यावर लहरींचा एक झोत सोडला आणि परत काय येतं ते संगणकावर पाहिलं. परत आली ती झपाट्याने विरत जाणारी एक थरथर. तिची वारंवारता आणि विरण्याचा वेग धक्क्यावर अवलंबून नव्हता, तो कृष्णविवराच्या वस्तुमानावर अवलंबून होता. हा निबंध १९७० साली ‘नेचर’मध्ये आला. पुढे हे स्पंदन कृष्णविवराच्या खुणेसारखं मानलं जाऊ लागलं.

आता तारखा बघा. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगोने आतापर्यंतचा सर्वांत स्पष्ट संकेत पकडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशी दोन वेगवेगळी स्पंदनं ओळखता आली. विश्वेश्वरा २०१७ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या निबंधापासून या निरीक्षणापर्यंत ५५ वर्षं गेली.

पुण्यात आणि बंगळूरला कागदावर चाललेलं काम

१९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झालं. जयंत नारळीकर संस्थापक संचालक. विद्यापीठांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना खगोलशास्त्राच्या मोठ्या संशोधनाची दारं उघडायची, हा हेतू. आयुकाच्या सुरुवातीच्या प्राध्यापकांपैकी एक संजीव धुरंधर. भारतात गुरुत्वीय लहरींचं एकही मोठं यंत्र नव्हतं. कागद, पेन आणि तेव्हाचे संगणक एवढीच साधनं होती.

धुरंधर आणि मासिमो टिंटो यांचा एक निबंध १९८८ चा आहे. त्यात प्रश्न असा की जगात वेगवेगळ्या ठिकाणी असे शोधक असतील, तर त्यांच्या नोंदी एकत्र करून लहर कुठल्या दिशेने आली हे कसं काढायचं? पाच शोधकांची नोंद हातात असेल तर उत्तर कसं मिळतं, हे त्यांनी गणिताने सोडवून दाखवलं. ते शोधक वेबरसारखे दंडगोल होते, लेसरचे नव्हते. तरी लक्षात घ्या, एकही संकेत सापडलेला नसताना पाच यंत्रांच्या जाळ्याचा विचार सुरू झाला होता.

१९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी दुसरा प्रश्न घेतला. दोन तारे जवळ येताना लहरीचा आकार कसा असेल ते आपल्याला साधारण माहीत आहे, पण ताऱ्यांची वस्तुमानं माहीत नाहीत. मग गोंगाटात शोधायचं काय? त्यांचं उत्तर असं: वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी नमुने तयार करून ठेवायचे आणि आलेली नोंद प्रत्येक नमुन्याशी ताडून बघायची. नमुने फार कमी ठेवले तर संकेत निसटतो, फार जास्त ठेवले तर संगणक पुरत नाही. तर किती ठेवायचे आणि किती अंतराने? याचं गणित त्यांनी मांडलं. गर्दीत ओळखीच्या माणसाचा आवाज आपल्याला पटकन कळतो, कारण तो कसा असतो हे आधी ठाऊक असतं. तसंच काहीसं.

पण नमुना अचूक हवा. तिकडे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर हेच काम करत होते. फ्रान्सचे लुक ब्लांशे आणि तिबो दामूर, अमेरिकेचे क्लिफर्ड विल आणि अॅलन वाइजमन यांच्याबरोबर त्यांनी १९९५ मध्ये लहरींच्या सूत्रातल्या पुढच्या, अधिक बारीक पायऱ्या काढून दाखवल्या. पानंच्या पानं भरतील अशी बीजगणितं. अशी सूत्रं नसती तर नमुने चुकले असते आणि संकेत समोर असूनही हुकला असता.

२००१ मध्ये अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी जगभरच्या यंत्रांच्या नोंदी एकाच मोठ्या यंत्राच्या असल्यासारख्या कशा तपासायच्या, हे मांडलं. पै तेव्हा पीएचडी करणाऱ्या पिढीतल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘एवढ्या मोठ्या विषयात विद्यार्थ्याचं काय काम’ हा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांना पडतो.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या शोधाची घोषणा झाली. त्या निबंधावर भारतीय संस्थांमधली तीसहून जास्त नावं होती. भारतात यंत्र नसतानाही.

दिशा कळायला अंतर लागतं

आता एक छोटा हिशेब करू, म्हणजे यंत्र भारतातच का हवं ते नीट कळेल.

अमेरिकेत लायगोची दोन यंत्रं आहेत. हॅनफर्ड वायव्येला, लिव्हिंग्स्टन दक्षिणेला. दोघांतलं सरळ अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे दोन यंत्रांत जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. पहिला संकेत लिव्हिंग्स्टनला आधी आला आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. ६.९ भागिले १० म्हणजे ०.६९. ज्या कोनाचा कोसाइन ०.६९, तो कोन साधारण ४६ अंश. म्हणजे दोन यंत्रांना जोडणाऱ्या रेषेशी ४६ अंशाचा कोन करून लहर आली.

पण अशा दिशा किती आहेत? त्या रेषेभोवती कोन कायम ठेवून फिरवा. आकाशात आख्खं एक कडं तयार होतं. लहर त्या कड्यावर कुठूनही आलेली असू शकते. दोन्ही यंत्रांतल्या संकेतांची ताकद वगैरे वापरून कड्याचा थोडा भाग कमी करता येतो, तरी पहिल्या शोधात सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा उरला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात ०.२ चौरस अंश जागा व्यापतो. म्हणजे तीन हजार चंद्र मावतील एवढ्या जागेत शोधा, असं दुर्बिणवाल्यांना सांगण्यासारखं.

तिसरं यंत्र आलं की दुसरं कडं मिळतं आणि दोन कडी जिथे छेदतात तेवढ्याच जागा उरतात. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतलं व्हर्गो यंत्र सामील झालं. १४ ऑगस्टच्या संकेताचा पट्टा दोन यंत्रांवरून १,१६० चौरस अंश येत होता, तिसऱ्यामुळे तो ६० वर आला.

यंत्रं जितकी लांब तितका कोन बारीक. वेळ मोजताना ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली असं धरा. तेवढ्या वेळात प्रकाश ३० किलोमीटर जातो. ३,००० किलोमीटर अंतर असेल तर कोनातली चूक साधारण ३० भागिले ३,००० रेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त. औंढ्यापासून हॅनफर्ड पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेत सुमारे १०,५०० किलोमीटर आहे, लिव्हिंग्स्टन सुमारे ११,५००. तीच चूक आता अंशाच्या सहाव्या भागावर येते. यंत्र तेवढंच, लेसर तोच. फक्त जागा बदलली. शिवाय अमेरिका, इटली, जपान हे सगळे आपल्या उत्तरेला एका पट्ट्यात बसलेले. भारत त्या पट्ट्याबाहेर, दक्षिणेकडे येतो. म्हणून जाळं नीट पसरतं.

खोक्यांत पडून राहिलेलं तिसरं यंत्र

अमेरिकेची मूळ योजना तीन यंत्रांची होती. त्यातली दोन हॅनफर्डलाच, एकाच इमारतीत. पण एकाच जागी दोन यंत्रं ठेवून दिशा कळायला काहीच मदत होत नाही. म्हणून तिसऱ्या यंत्राचे भाग दुसऱ्या देशाला द्यावेत असा विचार पुढे आला. आधी ऑस्ट्रेलियाला विचारलं गेलं. तिथे शास्त्रज्ञ तयार होते, पण मुदतीत निधी उभा राहिला नाही. २०११ मध्ये तो पर्याय संपला.

भारतात तोवर तयारी झालेली होती. २००९ मध्ये ‘इंडिगो’ नावाने भारतीय शास्त्रज्ञांचा एक गट एकत्र आला होता. बाला अय्यर, धुरंधर, तरुण सौरदीप, सी. एस. उन्नीकृष्णन असे लोक त्यात होते. सिद्धांतवाले, विश्लेषणवाले आणि प्रयोगवाले एकाच टेबलाभोवती आले, ही त्यातली मोठी गोष्ट. ऑस्ट्रेलियाचं दार बंद झालं तेव्हा भारताकडे माणसं होती, निबंध होते आणि वीस वर्षांची ओळख होती. लायगोच्या लोकांना या माणसांचं काम माहीत होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने तिसरं यंत्र भारताकडे नेण्याच्या योजनेला हिरवा कंदील दिला.

माझ्या मते ‘हिंगोलीतच का’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. जमीन नंतर शोधली गेली. आधी विश्वास मिळवला गेला, आणि तो यंत्र नसतानाच्या कामातून मिळाला.

मग जमीन

जागेसाठी अटी कडक होत्या. एकमेकींना काटकोनात ४-४ किलोमीटर सपाट पट्टे हवेत. समुद्र लांब हवा, कारण किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांनी जमीन सतत बारीक हलत असते. रेल्वे, महामार्ग, कारखाने लांब हवेत. खाली पक्का खडक असेल तर उत्तम. मराठवाड्यात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. अनेक जागा तपासल्यावर औंढा नागनाथ तालुक्यातली जागा ठरली. काम वाटून घेतलं गेलं: आयुका पुणे, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याचं बांधकाम संचालनालय.

इथे आपल्या भागातला माणूस लगेच विचारतो: किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारी औंढ्यापासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. आणि खुद्द हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. प्रश्न रास्त आहे. त्याचे दोन भाग करायला हवेत.

पहिला, यंत्र मोडेल का? आरसे टांगलेले असतात, इमारती धक्क्यांचा हिशेब धरून बांधतात. पण धोका शून्य नसतो. १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपाने जपानच्या कागरा यंत्राचं नुकसान झालं होतं, आणि ते डोंगराच्या पोटात बांधलेलं आहे. दुसरा, यंत्र रोज नीट चालेल का? जगात कुठेही मोठा भूकंप झाला तरी लायगोची यंत्रं काही काळ बंद पडतात, कारण त्या लहरी पृथ्वीभर फिरतात. त्यामुळे अधूनमधून येणाऱ्या धक्क्यांपेक्षा रोजची बारीक कंपनं जास्त महत्त्वाची.

आणि रोजची कंपनं माणूसच करतो. लिव्हिंग्स्टनजवळच्या जंगलात झाडतोड चालायची, त्यामुळे सुरुवातीच्या काळात तिथे दिवसा यंत्र चालवणं अवघड झालं होतं. शेवटी २००४ च्या सुमारास जमिनीची हालचाल ओळखून आधार उलट दिशेने हलवणारी यंत्रणा बसवावी लागली. हॅनफर्डला तर तहानलेले कावळे नळीवरचा बर्फ टोचायचे आणि नोंदीत खोटे ठिपके उमटायचे! उद्या औंढ्याच्या शिवारात विहिरीचे सुरुंग, खडी क्रशर, ट्रॅक्टर, यात्रेतले डीजे या सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागेल. कुठली नोंद आकाशातली आणि कुठली शिवारातली, हे ओळखणं हा स्वतःच एक संशोधनाचा विषय आहे.

सहा दिवस आणि सात वर्षं

पहिल्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी १७ फेब्रुवारीची. सहा दिवस. त्याच वर्षी ३१ मार्चला वॉशिंग्टनमध्ये सामंजस्य करार झाला. इथवर वेग चांगला होता.

पण तत्त्वतः मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. बांधकामाची अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला आली, २,६०० कोटी रुपयांची. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. लक्ष्य २०३० चं. मधल्या सात वर्षांत तिसऱ्या यंत्राचे भाग हॅनफर्डला साठवणीत पडून होते.

त्या वर्षांत आकाश थांबलं नव्हतं. दोन उदाहरणं शेजारी ठेवतो.

१७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन तारे एकत्र आले. तीन यंत्रांच्या मदतीने जागा ३० चौरस अंशांच्या आसपास आली. गंमत म्हणजे व्हर्गोत संकेत फारच क्षीण होता, आणि त्यावरूनच कळलं की लहर त्याच्या अंध दिशेने आली असणार. अकरा तासांच्या आत दुर्बिणींना १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. पुढे त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा माग काढण्यात आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीचाही वाटा होता. सोन्यासारखे जड मूलद्रव्य अशा टकरींत तयार होतात याचा भक्कम पुरावा मिळाला.

२५ एप्रिल २०१९. पुन्हा बहुधा दोन न्यूट्रॉन तारेच. पण त्या वेळी हॅनफर्ड बंद होतं. संकेत मुख्यतः एकट्या लिव्हिंग्स्टनला दिसला, व्हर्गोची थोडी मदत. शोधायची जागा ८,००० चौरस अंशांहून जास्त, म्हणजे आकाशाचा पाचवा हिस्सा. अनेक देशांच्या दुर्बिणी धावल्या. काहीच सापडलं नाही. तो प्रकाश कुठेतरी होता असेल तर विझून गेला, आणि तो पुन्हा दिसणार नाही.

चौथं, पाचवं यंत्र कशासाठी, याचं याहून स्पष्ट उत्तर नाही. एखादं बंद असलं तरी बाकीच्यांनी जाळं धरून ठेवायचं. ही काळजी आजही आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने २०२६ साठी मांडलेल्या अंदाजपत्रकात दोनपैकी एकच लायगो यंत्र चालवण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे हिंगोलीचं यंत्र येईल तेव्हा बाकीची यंत्रं असतीलच, हेही गृहीत धरता येत नाही.

जमिनीवरचा कान, आकाशातले डोळे

लहर ऐकू आल्यावर बघायला डोळे लागतातच. आपली पहिली खगोलीय अवकाश वेधशाळा अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून निघाली, लायगोच्या पहिल्या संकेतानंतर बरोबर दोन आठवड्यांनी. ४ जानेवारी २०१७ च्या एका लहरीनंतर त्याच भागात एक विझत जाणारा प्रकाशबिंदू सापडला. हाच का तो? आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅस्ट्रोसॅटची नोंद तपासली. लहरीनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक वेगळाच गॅमा किरणांचा स्फोट त्यात सापडला. प्रकाशबिंदू त्या स्फोटाचा होता, लहरीचा नव्हता. ‘संबंध नाही’ हे सिद्ध करणंही मोलाचं काम असतं.

याच अनुभवातून ‘दक्ष’ या नव्या अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव आला आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कुठलाही भाग पृथ्वीआड राहायला नको. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भारतातल्या अनेक संस्था यात आहेत.

आणि युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘लिसा’ला अंतिम मान्यता दिली. तीन याने, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर, उड्डाण २०३५ च्या सुमारास. म्हणजे गुरुत्वीय लहरींसाठीची पहिली अवकाश वेधशाळा. तिथे यानांमधली अंतरं सतत बदलत राहणार, त्यामुळे लेसरचा गोंगाट आपोआप रद्द होणार नाही. नोंदी योग्य वेळेने मागे सरकवून जुळवाव्या लागतील. या पद्धतीचं बीजगणित धुरंधर, राजेश नायक आणि फ्रान्सचे जाँ-इव्ह विने यांनी २००२ मध्ये मांडलं. उड्डाणाच्या तेहतीस वर्षं आधी.

तुम्ही कुठे आहात

या सगळ्या तारखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. १९७०, १९८८, १९९१, १९९५, २००१, २००२. महत्त्वाचं काम झालं तेव्हा यंत्र नव्हतं. कोणी ‘आधी यंत्र येऊ दे, मग बघू’ म्हणालं असतं, तर यंत्र आलंच नसतं.

आज एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी २०३० च्या सुमारास पीएचडीच्या मध्यावर किंवा शेवटाकडे असेल. औंढ्याच्या यंत्राला तेव्हा माणसं लागतील, आणि ती फक्त सापेक्षता शिकलेली नकोत. निर्वात तंत्र, प्रकाशशास्त्र, नियंत्रण प्रणाली, भूकंपशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक, सगळं लागेल. तुमचा विषय इलेक्ट्रॉनिक्स किंवा भूगर्भशास्त्र असेल तर ‘हे माझं नाही’ असं समजू नका.

सुरुवात करायला परवानगी लागत नाही. लायगोच्या नोंदी ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुल्या होतात. पहिल्या शोधाची ३२ सेकंदांची नोंद साध्या लॅपटॉपवर उतरवता येते, पायथनमधले धडेही सोबत फुकट मिळतात. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठूनही. आधी गोंगाटाचा आलेख काढा. मग नमुना तयार करून ताडून बघा. दोन यंत्रांतला ६.९ मिलिसेकंदांचा फरक स्वतः काढा. उत्तर ७ च्या आसपास आलं, की वर केलेला ४६ अंशांचा हिशेब स्वतःच्या आकड्याने पुन्हा करा. सात सोडून भलतंच काही आलं तर का आलं ते शोधा. त्या शोधण्यातच विषय समजायला लागतो.